वडिलांना गोल्फ कळत नाही, तरी ऑरलँडोची पीएनसी चॅम्पियनशिप बघायला न्यावं का?

न्या. तुम्ही लिहिलंय की बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेत, गोल्फचा गंध नाही आणि दिवसभर कंटाळतील अशी धास्ती वाटते. 2024 च्या डिसेंबरात मी नेमकी याच विचारात होते. माझे बाबा कोल्हापूरचे, वय 71, गुडघे दुखरे आणि खेळ म्हटला की कुस्ती. टॅम्पाहून ऑरलँडो दीड तासावर, म्हणून धीर करून शनिवार-रविवार दोन्ही दिवसांची तिकिटं काढली.

एरवीच्या गोल्फला मी त्यांना नेलं नसतं. ही स्पर्धा वेगळी आहे. एकूण वीस जोड्या. जोडीतल्या एकानं मेजर (गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) किंवा प्लेअर्स चॅम्पियनशिप जिंकलेली असावी लागते, आणि दुसरा त्याच्या घरचा, टूरचं कार्ड म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत खेळायचा परवाना नसलेला. 1995 मध्ये सुरू झाली तेव्हा नावच ‘फादर/सन चॅलेंज’ होतं. आता आनिका सोरेनस्टाम मुलाबरोबर खेळते, स्टीव्ह स्ट्रिकर लेकीबरोबर. नेली कोर्डाच्या जोडीत तर लेक व्यावसायिक आणि वडील हौशी. हे वडील म्हणजे पेट्र कोर्डा, 1998 ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेले टेनिसपटू.

बाबांना गाडीत मी एवढंच सांगितलं: दोघंही मारतात, त्यातला चांगल्या जागी पडलेला चेंडू निवडतात, आणि तिथून पुन्हा दोघंही मारतात. चेंडू होलमध्ये जाईपर्यंत असंच. याला स्क्रॅम्बल म्हणतात. एकानं चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, नीट ठेवला की दुसऱ्याला हात मोकळे सोडून मारता येतं. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, तर एकाचा पुट (चेंडू होलकडे घरंगळत नेणारा फटका) बघूनच दुसऱ्याला कळतं की चेंडू कुठे वळतोय. तुम्हीही एवढंच सांगा. पार म्हणजे होलसाठी ठरलेले फटके, बर्डी म्हणजे त्याहून एक कमी, ईगल म्हणजे दोन कमी; हे त्यांना बसल्या जागी आपोआप कळेल.

शनिवारी आमच्या समोरच्या ग्रीनवर एका मुलाचा पुट होलच्या कडेवरून निसटला. पोरगं मान खाली घालून बाजूला झालं. वडील तोवर त्याच्या मागेच वाकून बघत होते. त्यांनी त्याच रेषेवर, बोटभर डावीकडे धरून चेंडू आत घातला, तो काढला आणि मुलाच्या हातात ठेवला. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “वाट पोरानं दाखवली, बापानं नुसता डाव टाकला.” त्यानंतर मला काहीही समजवावं लागलं नाही.

आता कळकळीनं सांगते, मोठ्या नावांच्या मागे धावू नका. बरेच खेळाडू इथे छोट्या गाडीतून फिरतात आणि आपण पायी. वयस्कर माणसाचा त्यात जीव जातो, वर टायगर वूड्सच्या भोवती इतकी गर्दी असते की दिसतात फक्त लोकांच्या टोप्या. वीस जोड्या म्हणजे चौघांचे दहाच गट. एका जागी बसलात तर साधारण दोन तासांत झाडून सगळे तुमच्या समोरून जातात. त्यातही पार-3, म्हणजे तीन फटक्यांचा छोटा होल धरा. तिथे टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला चेंडू ग्रीनवर उतरताना दिसतो, आणि नवख्या माणसाला बघायला तेच सोपं. घडीची खुर्ची चालते का ते त्या वर्षीच्या नियमांत बघून घ्या. आणि फक्त टायगरसाठी तिकिटं काढू नका. 2025 मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे तो खेळलाच नाही, मॅट आणि कॅमेरॉन कूचर ही बापलेकाची जोडी जिंकली.

रविवारी बाबांना आराम म्हणून आम्ही चौथा होल सोडून लवकरच अठराव्याकडे सावलीत येऊन बसलो. अचानक लांबून एक आरोळी उठली. टाळ्या नव्हेत, आरोळी. बाबा ताठ बसले: “कुणीतरी चितपट झालं.” कोल्हापूरच्या खासबाग मैदानाबाहेर उभं राहून आतली कुस्ती कुठवर आली हे आवाजावरून सांगणारा माणूस तो. चौथ्या होलवर टायगरच्या पंधरा वर्षांच्या मुलानं, चार्ली वूड्सनं, सात नंबरच्या आयर्ननं (लोखंडी काठीनं) होल-इन-वन मारला होता, म्हणजे पहिल्याच फटक्यात चेंडू थेट आत, आयुष्यातला पहिला. टीवरून त्या बापलेकांनाही चेंडू आत गेलेला दिसला नव्हता, गर्दीच्या ओरडण्यावरूनच कळलं. तो क्षण आमचा हुकला याची मला हळहळ वाटली, पण बाबांना अजिबात नाही. आवाज तर मिळाला, म्हणाले. त्याच दिवशी पॅड्रिग हॅरिंग्टनच्या मुलानंही होल-इन-वन मारला.

आदल्या वर्षीचे विजेते बर्नहार्ड लँगर आणि त्यांचा मुलगा जेसन यांची वूड्स बापलेकांशी बरोबरी झाली, दोन्ही जोड्या 28 अंडर, म्हणजे पारपेक्षा 28 फटके कमी. प्लेऑफ, म्हणजे बरोबरी फोडायची जादा लढत, अठराव्यावर, म्हणजे आमच्या पुढ्यातच. मी बाबांना सांगितलं की लँगर 67 वर्षांचे आहेत. त्यांना आधी पटेना. मग ते खुर्चीतून उठले आणि गुडघ्यांचं नाव न काढता शेवटपर्यंत उभे राहिले. लँगरनी ईगलचा पुट घातला आणि जेसननं त्यांना मिठी मारली.

इथे बक्षीस म्हणून लाल पट्टे देतात. ब्रिटनची पहिली ओपन गोल्फ स्पर्धा 1860 मध्ये विली पार्क जिंकले तेव्हा बक्षीस चामडी पट्ट्याचंच होतं. त्यांचा मुलगाही, नाव त्याचंही विलीच, पुढे दोनदा ओपन जिंकला, आणि इथली ट्रॉफी पार्क यांच्याच नावाची आहे. बाबांना ही गोष्ट सांगितली तेव्हा बक्षीस समारंभ चालू होता. “आमच्यात गदा, यांच्यात पट्टा,” म्हणाले, आणि गाडीपर्यंत पोचेतो थोरल्या विलीनं धाकट्याला खेळ कुठल्या वयात शिकवला असेल ते मला विचारत राहिले.