बारव, देवराई आणि अधिसूचनेखालचा तो छोटा तक्ता

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. गावाबाहेरची बारव (पायऱ्यांची जुनी विहीर), तिला लागून देवराई (देवाच्या नावाने राखलेलं रान), रस्ता रुंदीकरणाची आखणी दोन्हींच्या अंगावरून. आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. तुम्ही विचारलंय की कायदा कडक करा, दंड वाढवा असं निवेदन सरकारला द्यावं का. जरूर द्या. पण सुरुवात तिथून करू नका.

आधीच सांगतो, मी वकील नाही की पुरातत्त्व खात्यातला नाही. कागद हाताळून हाताळून जे कळलं ते लिहितोय. कलमांची खात्री जाणकाराकडून करून घ्या.

बारव संरक्षित स्मारक व्हावी म्हणून ग्रामसभेचा ठराव, फोटो, अर्ज कुठे द्यायचा वगैरे तुम्ही शोधलं असेलच, त्यात जात नाही. राज्य संरक्षित स्मारकासाठी १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींना दोन महिने मिळतात, मग अंतिम. अधिसूचना निघाली की गावात फटाके वाजतात आणि तिच्याखालचा तक्ता, म्हणजे अनुसूची, बघायला कोणालाच सवड नसते. सगळा खेळ तिथे आहे. गट क्रमांक, संरक्षित क्षेत्र, चतुःसीमा (चारही बाजूंना काय आहे ते). त्या चौकटीबाहेरचा एक दगडही कागदोपत्री तुमचा राहत नाही.

आमच्या बारवेला तीन बाजूंनी पायऱ्या. पूर्वेकडच्या पायऱ्यांच्या माथ्यावर ओळीने वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा) उभे, आणि तिथूनच देवराई सुरू. प्रस्ताव एका कार्यालयातून पुढे जायचा होता (नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात). त्या कार्यालयाने ना मोजणी मागवली, ना कोणी जागेवर आलं. जुन्या टिपणातला पाण्याचा चौकोन उचलला आणि तेवढंच क्षेत्र लिहून टाकलं. पायऱ्या बाहेर, वीरगळ बाहेर, देवराईचा तर उल्लेखच नाही. चतुःसीमेत पूर्वेला लिहिलं, ‘रस्ता’. तिथे तेव्हा रस्ता नव्हता, पायवाट होती.

आम्ही मुदतीत लेखी हरकत दिली: क्षेत्र अपुरं आहे, वाढवा. पुढे माहिती अधिकारात नस्ती (फाइल) बघितली तर आमचा अर्ज ‘स्मारक संरक्षित करण्यास ग्रामस्थांचा विरोध’ या शीर्षकाखाली नोंदवलेला! म्हणजे बारवेसाठी धडपडणारे आम्हीच कागदावर तिचे विरोधक. त्या विरोधाचं ‘निराकरण’ होईपर्यंत नस्ती हलली नाही, आणि हलली तेव्हा अंतिम अधिसूचनेत तोच पाण्याचा चौकोन. दुरुस्ती मागितली तर उत्तर आलं, क्षेत्र बदलायचं असेल तर नव्याने प्रस्ताव करा.

त्यानंतर कंत्राटदाराने पूर्वेच्या पायऱ्यांवर मुरूम टाकला. अडवायला गेलो तर त्याने खिशातून ती अधिसूचना छापलेल्या राजपत्राचीच प्रत काढून दाखवली. बघा, संरक्षित भाग तिकडे आहे, मी इकडे काम करतोय. बोलायला जागाच उरली नाही.

चीड याची येते की कायदा इथे कंजूष नाहीच. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यातली प्राचीन स्मारकाची व्याख्या बघा. वास्तूबरोबर तिची जागा, कुंपणासाठी किंवा जपणुकीसाठी लागणारी लगतची जमीन आणि तिथे जायची वाट हे सगळं तिच्यात धरलंय. राज्याचा कायदाही त्याच धर्तीवर बेतलेला आहे. कायद्याने ओंजळभर दिलं, कार्यालयाने चिमूटभर लिहिलं.

म्हणून दंड वाढवण्यावर माझा फारसा विश्वास नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकांसाठी २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तरी २०१३ च्या कॅगच्या (देशाच्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालात ९२ स्मारकं जागेवर सापडली नव्हती, आणि २०२४ मध्ये केंद्राने १८ स्मारकं यादीतून वगळायला घेतली. त्यात फरिदाबादजवळच्या मुजेसरचा एक कोस मिनारही (जुन्या रस्त्यावरचा अंतर दाखवणारा मनोरा) होता. जे कुठे आहे हेच माहीत नाही, ते पाडल्याबद्दल शिक्षा कोणाला देणार?

निवेदनात माझ्या मते दोनच गोष्टी ठासून मागा. प्राथमिक अधिसूचनेआधी भूमी अभिलेखची मोजणी आणि ग्रामस्थांसह संयुक्त पाहणी सक्तीची करा, आणि मोजणीचा नकाशा अधिसूचनेलाच जोडा. दुसरं, अंतिम अधिसूचना निघताच सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तशी नोंद आपोआप व्हावी. रस्त्याची आखणी करणारा अभियंता राजपत्र चाळत बसत नाही, सातबारा मात्र बघतो.

आणि ते १०० मीटर प्रतिबंधित, पुढचे २०० मीटर नियंत्रित, हे केंद्रीय संरक्षित स्मारकांसाठी आहे. बारव राज्य संरक्षित झाली की तेही आपोआप लागू होईल असं धरून चालू नका. आमच्यातले निम्मे लोक त्याच भरवशावर होते.

देवराईचं वेगळंच दुखणं. दगडाचं खातं निराळं, झाडाचं निराळं, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. आपल्या झाडांच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या वृक्षांना ‘हेरिटेज ट्री’ म्हटलं गेलं, पण तो कायदा नागरी भागापुरता. गावातल्या तीनशे वर्षांच्या आंब्याला त्याचा उपयोग शून्य. त्यापेक्षा २००२ च्या जैवविविधता कायद्याचं कलम ३७ बघा, जैविक वारसा स्थळाचं. गडचिरोलीतलं आल्लापल्ली, आंबोलीचं हिरण्यकेशी, सिंधुदुर्गातलं बांबर्डे ही त्याखाली घोषित झालेली आहेत. बांबर्ड्याची तर जंगली जायफळाची देवराईच आहे. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची नोंदवही कपाटात कोरी पडलेली असेल तर ती आधी भरा. नुसतं ‘जुनी झाडे’ असं नको, झाडागणिक नाव आणि जागा लिहा.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ च्या निकालात राजस्थानच्या ओरण-देवरायांची प्रत्यक्ष जागेवर आणि उपग्रहाच्या मदतीने नकाशा-नोंदणी करायला सांगितलंय, देवरायांसाठी देशभराचं धोरण करावं असंही सुचवलंय. आदेश राजस्थानला आहे हे खरं, पण अर्जात हवाला द्यायला काय हरकत?

गावातून विरोध होईल तो ‘सरकार जमीन घेणार, जत्रा बंद करणार’ या भीतीने. नुसत्या अधिसूचनेने मालकी जात नाही. चालू पूजाअर्चाही बंद होत नाही. हे ग्रामसभेत आधीच सांगा, नाहीतर खरा विरोध आणि आमच्यासारखा खोटा विरोध एकाच नस्तीत जाऊन बसतील.

जाता जाता, उत्साहाच्या भरात बारवेतला गाळ जेसीबीने काढू नका, आणि वीरगळांना ऑइलपेंट तर नकोच नको. सुट्या मूर्ती-वीरगळांचे शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढून घ्या. चोरी झालीच तर पोलिसांना दाखवायला दुसरं काही नसतं.

तुमच्याकडचं रस्त्याचं काम अजून सुरू झालेलं नाही असं दिसतंय, म्हणजे हातात वेळ आहे. उद्याच कार्यकारी अभियंत्याला संयुक्त पाहणीसाठी पत्र द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, दोन्हींवर पोच घ्या. आणि प्राथमिक अधिसूचनेवर लिहाल त्या अर्जात ‘हरकत’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. विषयातच लिहा: ‘स्मारक संरक्षित करण्यास पाठिंबा व क्षेत्र वाढवण्याबाबत सूचना’. आमच्या मसुद्याची प्रत हवी असेल तर सांगा, गट क्रमांक काढून पाठवतो.