सबसिडिअ‍ॅरिटी: कुमक की तैनाती?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. युरोपीय संघात कायदे कसे होतात यावर त्या मराठीत लेख लिहीत आहेत. राष्ट्रीय संसदांच्या अधिकाराबद्दल लिहिताना 'सबसिडिअ‍ॅरिटी' हा शब्द पावलोपावली येतो: देशांना स्वतःला जमत नसेल तरच संघानं हात घालावा, असं सांगणारं ते तत्त्व. त्याला 'दुय्यमता', 'सहायकता' आणि 'पूरकता' असे तीन पर्याय त्यांना सापडले. यातला कोणता घ्यावा? आणि 'डिरेक्टिव्ह', 'रेग्युलेशन' या संघाच्या कायद्यांच्या दोन प्रकारांना 'निदेश', 'विनियम' म्हटलं तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. 'दुय्यमता' घेऊ नका. बाकीच्या दोहोंनीही काम भागत नाही. मी 'कुमकेचं तत्त्व' म्हणेन. का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल, कारण या शब्दाचं घराणं आपल्याकडे एकदा येऊन गेलं आहे आणि त्या भेटीची किंमत पुण्याच्या गादीनं मोजली आहे.

मूळ लॅटिन शब्द 'सुब्सिडियुम'. 'सुब' म्हणजे खाली, मागे. 'सेडेरे' म्हणजे बसणं. जुन्या रोमन फौजेत पायदळाच्या तीन फळ्या असत. पुढच्या दोन लढायच्या. तिसरी फळी मुरलेल्या शिपायांची, तिला 'त्रिआरी' म्हणत. ते मागे एक गुडघा टेकून, ढाल खांद्याला लावून बसून राहत आणि पुढच्यांना झेपेनासं झालं तरच उठत. 'गोष्ट त्रिआरींवर आली' असा लॅटिनमध्ये वाक्प्रचारच होता: अगदी निकराची वेळ आली, असा त्याचा अर्थ. तेव्हा सुब्सिडियुम म्हणजे मागे तयार बसलेली, गरज पडली तरच पुढे येणारी मदत. तुर्कीतून फारसीच्या वाटेनं आलेला 'कुमक' हा आपला शब्द हेच सांगतो. किल्लेदाराला वेढा आवरेना, तेव्हा कुमक मागवली जाते. आवरत असेल तर कुणी कुमक धाडत नाही.

याच लॅटिन शब्दाची तीन इंग्रजी लेकरं मराठीत तीन वेगळ्या घरी वाढली, म्हणून ती भावंडं आहेत हे आपल्याला ओळखू येत नाही. सबसिडीला आपण अनुदान म्हणतो, सबसिडिअरी कंपनीला उपकंपनी, आणि सबसिडिअरी अलायन्सला शाळेपासून ओळखतो ते 'तैनाती फौज' या नावानं.

या तिसऱ्या भावंडापाशी जरा थांबू. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुण्याहून निघाला तो शेवटी वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आणि 31 डिसेंबर 1802 रोजी तिथे तह झाला. कंपनीचं निदान सहा हजार पायदळ पेशव्यांकडे कायम राहायचं, त्याच्या खर्चापोटी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख कंपनीला द्यायचा, आणि दुसऱ्या सत्तांशी बोलणी करायची तर कंपनीला विचारून. इंग्रजांनी त्याला 'सबसिडिअरी' म्हटलं, कारण फौजेच्या खर्चापोटी द्यायच्या रकमेला ते सबसिडी म्हणत. मराठीनं त्या शब्दाचं भाषांतर केलंच नाही. डोळ्यांसमोर जे दिसलं त्याला नाव दिलं: आलेली फौज परत गेली नाही, ती तैनात राहिली.

कुमक येते, लढते आणि जाते. तैनाती फौज राहते, आणि राहण्याचा खर्चही यजमानाकडूनच घेते. एकाच लॅटिन मुळातून निघालेल्या दोन कल्पनांमधला हा फरक मराठीत दोन शब्दांत मांडता येतो, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. युरोपीय संघाची तुलना मी ईस्ट इंडिया कंपनीशी करत नाही. संघात देश आपल्या मर्जीनं आले आहेत. पण राष्ट्रीय संसदा ब्रसेल्सकडून, म्हणजे संघाच्या मुख्यालयाकडून, आलेला कायद्याचा मसुदा हातात घेऊन जे विचारतात, ते मराठीत नेमकं असं होतं: ही कुमक आहे, की तैनाती?

आजच्या अर्थानं हे तत्त्व गाजलं ते कॅथलिक विचारातून. 1931 साली पोप अकरावे पायस यांनी एका परिपत्रकात म्हटलं की लहान समूहाला जे करता येतं ते मोठ्या समूहानं त्याच्याकडून काढून घेणं हा अन्याय आहे. 1992 च्या मास्त्रिख्त करारात ते संपूर्ण युरोपीय संघासाठी आलं आणि 1 डिसेंबर 2009 ला अमलात आलेल्या लिस्बन करारानं त्यावर पहारा ठेवण्याचं काम राष्ट्रीय संसदांकडे दिलं. आज ते युरोपीय संघाच्या कराराच्या पाचव्या कलमात आहे. त्याचा मी केलेला मराठी तर्जुमा असा:

"जे विषय केवळ संघाच्याच अखत्यारीतले नाहीत, त्यांत ठरवलेलं उद्दिष्ट सदस्य देशांना मध्यवर्ती, प्रादेशिक किंवा स्थानिक पातळीवर पुरेसं गाठता येत नसेल, आणि कामाचा आवाका किंवा परिणाम पाहता ते संघाच्या पातळीवर अधिक चांगलं साधणार असेल, तरच आणि तेवढ्यापुरतीच संघानं कृती करावी."

या वाक्याचा सगळा भार दोन 'च'वर आहे. इंग्रजीत तिथे 'ओन्ली इफ अँड इन सो फार अ‍ॅज' अशी लांबलचक रचना येते. मराठीत 'तरच' आणि 'तेवढ्यापुरतीच' एवढ्यात ते बसतं. पहिला 'च' विचारतो, यावं का? दुसरा विचारतो, किती? मधल्या 'आणि'कडेही लक्ष ठेवा. देशांना जमत नाही एवढं दाखवून भागत नाही, संघाला जास्त चांगलं जमेल हेही दाखवावं लागतं. तिथे 'किंवा' लिहिलात तर तत्त्वाचा अर्थच उलटा होईल.

आता इतरांनी काय केलं ते पाहा. संघाच्या 24 अधिकृत भाषा आहेत आणि करार प्रत्येकीत तितकाच अधिकृत आहे, त्यामुळे हा शब्द प्रत्येकीला कसा ना कसा सोडवावाच लागला. जर्मन, फ्रेंच, डच यांनी लॅटिन रूपच ठेवलं. पोलिश भाषेनं 'पोमोत्स' म्हणजे मदत या शब्दावरून नाव घडवलं. ग्रीकनं 'एपिकुरोस' म्हणजे साह्याला येणारा योद्धा, यावरून 'एपिकुरिकोतिता' केलं. म्हणजे आपल्या कुमकेच्या अगदी शेजारी. डॅनिश लोकांनी मुळाकडे पाहिलंच नाही. त्यांचा शब्द जवळिकीचा आहे: निर्णय माणसांच्या जवळ व्हावा, हे 'जवळपणाचं तत्त्व'. आणि फिनिश भाषेनं खरोखरच 'दुय्यमपणा' असा शब्द केला.

मग मराठीत 'दुय्यमता' का नको? फिनिश वाचकाला बहुधा कळत असावं की दुय्यम आहे तो संघ, देश नव्हे. मराठी वाचकाला ते कळणार नाही. आपण घर घेतो तेव्हा दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातो. दुय्यम म्हणजे हाताखालचा, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. 'राष्ट्रीय संसदा आणि दुय्यमतेचं तत्त्व' असं शीर्षक वाचून दहातले नऊ जण म्हणतील, अरेरे, संसदा दुय्यम झाल्या. तत्त्व तर बरोबर उलट सांगतं. 'सहायकता'चंही तेच: सहायक आयुक्त, सहायक अभियंता, म्हणजे पुन्हा हाताखालचाच माणूस. 'पूरकता'त खालचा-वरचा हा घोळ नाही, पण पूरक गोष्ट नेहमीच भर घालत असते. पूरक आहाराला 'तरच' लागत नाही. मला काही दिवस 'पाठराखण' हा शब्द मोहात पाडत होता, कारण मागे उभं राहणं त्यात अक्षरशः आहे. पण वर्तमानपत्रांत आज पाठराखण होते ती बहुतेक वेळा चुकलेल्या माणसाची, म्हणून तो सोडला.

संसदांच्या हाती काय आहे, हेही शब्दांतूनच सांगते, कारण तुमच्या लेखात तिथेही पेच येतील. संघाचा कायद्याचा मसुदा राष्ट्रीय संसदांकडे जातो. अधिकृत भाषांतल्या प्रती पोचल्या की मग आठ आठवड्यांचं घड्याळ सुरू होतं. अनुवादक थांबले तर घड्याळही थांबतं, ही गोष्ट भाषेच्या माणसाला सुखावणारी आहे. या मुदतीत संसद आपलं हरकतीचं पत्र पाठवू शकते. इंग्रजीत त्याला 'रीझन्ड ओपिनियन' म्हणतात. 'तर्कशुद्ध मत' हे त्याचं भाषांतर मी वाचलं आहे, ते चुकीचं आहे. मत शुद्ध आहे की नाही हा प्रश्नच नाही, त्यासोबत कारणं दिलेली असली पाहिजेत. आपल्या मंत्रालयात विधी व न्याय विभाग 'अभिप्राय' देतो, तोच शब्द घ्या: 'सकारण अभिप्राय'.

प्रत्येक देशाला दोन मतं. दोन सभागृहं असतील तर एकेकाला एक. 27 देशांची 54 मतं होतात. त्यातल्या एक तृतीयांश, म्हणजे 18 मतांइतके अभिप्राय आले की मसुदे मांडणाऱ्या युरोपीय आयोगाला तो मसुदा पुन्हा तपासावा लागतो. पोलीस आणि फौजदारी सहकार्याच्या विषयात एक चतुर्थांश पुरतात. यालाच 'यलो कार्ड' म्हणतात. निम्म्याहून जास्त मतं आली तर 'ऑरेंज कार्ड', आणि मग तो मसुदा कुमकेच्या तत्त्वात बसत नाही म्हणून युरोपीय संसद किंवा सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद तो तिथेच थांबवू शकते. मराठीत ही नावं जपून वापरा. महाराष्ट्रात 'पिवळं कार्ड' आणि 'केशरी कार्ड' म्हटलं की रेशन दुकान डोळ्यांपुढे येतं. पहिल्या उल्लेखात 'फुटबॉलच्या पंचाचं पिवळं कार्ड' असं लिहा आणि दुसऱ्याला केशरी न म्हणता 'नारिंगी' म्हणा.

पहिलं पिवळं कार्ड निघालं 2012 मध्ये. संपाच्या हक्काची आणि कंपन्यांच्या सीमापार व्यवसायाच्या मुभेची सांगड घालणारा एक मसुदा होता, 'माँटी दोन' या नावानं ओळखला गेलेला. 12 सभागृहांच्या हरकती मिळून 19 मतं झाली. आयोगानं त्याच वर्षी मसुदा मागे घेतला, मात्र तत्त्वाचा भंग झाल्याचं मान्य केलं नाही. पुरेसा राजकीय पाठिंबा दिसत नाही, असं कारण दिलं. दुसरं कार्ड 2013 मध्ये, युरोपीय सरकारी वकिलाच्या कार्यालयाविरुद्ध. तिथे आयोग हटला नाही, आणि 2017 मध्ये काही देशांनी एकत्र येऊन ते कार्यालय उभारण्याचा कायदा केला. तिसरं 2016 मध्ये, परदेशी कामावर धाडलेल्या कामगारांच्या वेतनावरून. हरकत घेणाऱ्या 11 देशांत डेन्मार्क सोडला तर सगळे पूर्व युरोपातले होते. तोही मसुदा 2018 मध्ये कायदा झाला.

या तीन गोष्टी वाचून माझं मत असं झालं आहे की संसदांना दिलेला प्रश्न फार अरुंद आहे. 'हे काम कोणी करावं' एवढंच त्यांना विचारता येतं. 'उपाय गरजेपेक्षा जड तर नाही ना', म्हणजे प्रमाणशीरतेचा प्रश्न, आणि 'कायदा चांगला आहे का', हे दोन्ही कार्डाच्या बाहेर राहतात. 2016 च्या हरकतींमागे खरी चिंता पगाराची आणि रोजगाराची होती, ती कुमकेच्या भाषेत बसवून मांडावी लागली. कायद्याचा दर्जा सुधारायचा तर ज्यांना तो आपल्या देशात उतरवायचा आहे त्यांचं म्हणणं मसुद्याच्या आशयावरही ऐकलं पाहिजे, हे तुम्ही लेखात ठासून लिहावं असं मला वाटतं.

आता 'डिरेक्टिव्ह' आणि 'रेग्युलेशन'. इथे आपली कायद्याची मराठी वाचकाला हमखास चकवते. आपल्याकडे 'विनियम' म्हणजे अधिनियमाखाली एखाद्या मंडळानं केलेले नियम, म्हणजे उतरंडीत खालचे. संघाचं रेग्युलेशन हा मात्र पूर्ण कायदा असतो आणि तो सगळ्या देशांत थेट लागू होतो. आणि 'निदेशक' म्हटलं की आपल्याला संविधानातली राज्य धोरणाची निदेशक तत्त्वं आठवतात, जी 37 व्या कलमानुसार न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत. संघाचं डिरेक्टिव्ह तसं नाही. त्यातलं साध्य बंधनकारक असतं, मार्ग आणि रूप देशानं ठरवायचं असतं.

माझा भाचा म्युनिकला नोकरी करतो. त्याचं ब्लू कार्ड डिरेक्टिव्हवर उभं आहे: पगाराची अट देशाच्या सरासरी पगाराच्या एकपट ते 1.6 पट यांच्या दरम्यान कुठे ठेवायची हे प्रत्येक देश ठरवतो, म्हणून नेदरलँड्समधल्या त्याच्या मित्राची अट वेगळी आहे. पण दोघांच्याही फोनवर विदा (डेटा) संरक्षणाची जी संमती मागितली जाते ती 2016 च्या रेग्युलेशनमुळे, आणि ते दोन्हीकडे शब्दशः एकच आहे. म्हणून माझी सुचवण अशी: रेग्युलेशनला 'थेट कायदा', डिरेक्टिव्हला 'साध्य-निर्देश'. आणि डिरेक्टिव्ह देशाच्या कायद्यात 'रूपांतरित' करू नका, 'उतरवा'. उतरवताना एखाद्या देशानं आपल्या पदरच्या अटी वाढवल्या तर इंग्रजीत त्याला सोन्याचा मुलामा म्हणतात, पण मराठीत मुलामा खोटेपणा झाकायला असतो. तिथे 'जादा अटी' एवढंच पुरे.

शेवटी व्याकरणाचं एक. 'कुमक' स्त्रीलिंगी आहे, सामान्यरूप 'कुमके-'. तेव्हा 'कुमकेचं तत्त्व', 'कुमकेच्या कसोटीवर', 'कुमकेपुरता अधिकार'. मुद्रितशोधनात कुणी 'कुमकचे तत्त्व' केलं तर ते परत बदलून घ्या, आणि लेखात पहिल्यांदा येईल तिथे शेजारी 'सबसिडिअ‍ॅरिटी' देवनागरीत लिहा, म्हणजे ज्यांना मूळ कागद वाचायचे आहेत त्यांना धागा सापडेल.