परफ्युममधला ‘पर्सिमॉन’ (टोमॅटोसारखं दिसणारं केशरी, गोड फळ) खऱ्या फळातून काढतात का? वास कसा असतो?

सहसा नाही. या फळाचा वास मुळात मंद, त्यामुळे परफ्युमर तो जुळवून तयार करतात: पीच-जर्दाळूची आठवण देणारं गॅमा-डेकालॅक्टोन (लॅक्टोन प्रकारचं सुगंधी रसायन), जोडीला मधाचा गोडवा, कधी किंचित मसाला.

आपल्या खान्देशी लोकांना हे फळ तसं परकं नाही. सातपुड्यात ज्याच्या पानांच्या विड्या वळतात, ती टेंभुर्णी याच डायोस्पायरोस वंशातली. उन्हाळ्यात पिकलेलं टेंभुर्णीचं फळ फोडून हुंगा, अंदाज येईल. कच्च्या फळाचा तुरटपणा मात्र टॅनिन या द्रव्याचा. तो जिभेवरच राहतो, वासात उतरत नाही.

असा परफ्युम घ्यायचा असेल तर मनगटावर लावून अर्धा तास थांबा. लॅक्टोनचा मऊपणा सावकाश उलगडतो, आणि मला तोच सगळ्यात आवडतो.