आर्किमिडीज 'सापडलं' म्हणाला की 'सापडलंय'?

प्रश्न असा आला आहे: 'युरेका म्हणजे सापडलं, असं शाळेत शिकलो. पण हे केवलप्रयोगी अव्यय आहे की क्रियापद? क्रियापद असेल तर कर्ता कुठे गेला?'

चांगलं धडधाकट क्रियापद आहे. मूळ ग्रीक रूप 'हेउरेका'. त्यातला 'ह' इंग्रजीपर्यंत येता येता गळला. 'हेउरिस्को' म्हणजे मी शोधून काढतो, त्याचंच हे रूप. कर्ता शेवटच्या स्वरात बसलाय: हेउरेका मी, हेउरेकास तू, हेउरेके तो किंवा ती. आपण 'येईन' म्हटल्यावर 'मी' वेगळा सांगावा लागत नाही, तसंच.

खरी गंमत काळाची आहे. साधा भूतकाळ हवा असता तर 'हेउरोन' झालं असतं. 'हेउरेका' हा पूर्णकाळ: शोध लागला, आणि तो आता माझ्या हाती आहे. ही गोष्ट सांगणारा रोमन लेखक विट्रुव्हियस आर्किमिडीजनंतर जवळपास दोनशे वर्षांनी झाला. तो लिहितो की गडी हमामखान्यातून नागडाच घराकडे धावत सुटला आणि वाटेत पुन्हा पुन्हा हे ओरडत होता. म्हणजे सापडण्याचा क्षण मागे टबातच राहिला होता. रस्त्यावर होती ती सापडल्यानंतरची अवस्था. म्हणून मी भाषांतर 'सापडलंय!' असं करीन.

संस्कृतातला लिट्, म्हणजे भूतकाळाचा एक प्रकार, हा या ग्रीक पूर्णकाळाचा सख्खा भाऊ, पण स्वभाव अगदी उलटा. पाणिनी 'परोक्षे लिट्' म्हणतो, म्हणजे बोलणाऱ्याने न पाहिलेली घटना. मग 'मी' लावून लिट् कसा वापरायचा? वैयाकरणांनी तोड काढली: झोपेत किंवा नशेत केलेल्या कामासाठी. 'सुप्तोऽहं किल विललाप', मी म्हणे झोपेत बरळलो! आर्किमिडीज मात्र टक्क जागा होता. 'झालं, आणि आता हाती आहे' हा पूर्णकाळाचा जुना अर्थ संस्कृतात एका जागी टिकलाय. 'वेद' हे रूप पूर्णकाळाचं, अर्थ मात्र वर्तमानाचा, 'जाणतो'. ग्रीक 'ओइदा' अगदी तसंच, आणि धातूही तोच.

'सापडलं' चूक आहे असं मात्र म्हणवत नाही. आजचे ग्रीक या शब्दाचा उच्चार 'एव्रिका' करतात, पण हरवलेली किल्ली मिळाली की 'तो व्रिका' म्हणतात, आणि तो साधा भूतकाळ आहे.