नवा फ्रॉक नको, नवी खोलीही नको

‘कपाटात चाळीसेक ड्रेस आहेत मॅडम, आणि पोरगी रोज त्याच विटक्या टी-शर्टासाठी रडते. तिची खोली सजवायला दीड लाख घातले, तर बारा वाजले की उशी काखेत मारून आमच्या अंथरुणात हजर. लाडानं बिघडली म्हणायचं का हिला?’

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका जोडप्याची ही तक्रार. मुलगी चार वर्षांची, एकुलती, बालवाडीत जाणारी. आई बँकेत, वडिलांचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप, घरात आजी. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेले आहेत. थोड्याफार फरकानं हीच तक्रार घेऊन बरेच पालक माझ्याकडे येतात. कुणाचा मुलगा मामाच्या लग्नात शेरवानी उतरवून बनियनवर फिरतो, कुणाची मुलगी परीच्या पलंगाखाली चटईवर झोपते.

घरात तीन निदानं तयार होती. आजीच्या मते दृष्ट, वडिलांच्या मते हट्ट, आईच्या मते ‘माझंच काहीतरी चुकतंय’. पण मुलगी पोटभर जेवत होती, बालवाडीत खुशाल जात होती, दुपारी आजीजवळ गाढ झोपत होती. चार वर्षांची मुलं हट्ट करतातच, पण हिचा हट्ट नेमक्या दोन ठिकाणी होता. अशा वेळी मुलाच्या स्वभावाची चिरफाड करण्याआधी ती दोन ठिकाणं तपासलेली बरी.

पुढच्या भेटीला कपडे मागवले. तिनं भिरकावलेले पाच आणि आपणहून घालते ते तीन. सगळे उलटे करून टेबलावर मांडले. आवडते तिन्ही सुती होजिअरीचे, शिवणी चपट्या, मानेचं लेबल आजीनं कधीतरी कात्रीनं उडवलेलं. नावडत्यांत पार्टी फ्रॉकच्या कमरेला नेटचे चार थर एकत्र शिवलेले आणि त्या शिवणीची कड आतून उघडी. नायलॉन नेटची कापलेली कड पोटाला काथ्यासारखी टोचते. टिकल्यांच्या टॉपला आतून प्लास्टिकचा धागा, जागोजागी गाठी. खणाचं परकर-पोलकं सुरेख होतं, पण अस्तर नुसतं परकराला. पोलक्याच्या बाहीचा जरीकाठ थेट काखेत. लेगिंग काढल्यावर पोटावर लाल वळ राहतो, असं आईच म्हणाली. इलॅस्टिक तपासायचं ते मूल मांडी घालून बसलेलं असताना. उभ्या मुलाचं पोट आत असतं, बसलं की पुढे येतं. तेव्हा दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत.

पाचवी होती डंगरी. डेनिम मऊ, आत काही टोचत नव्हतं, बाकीच्यांपेक्षा महाग. हे कोडं बाहुलीनं सोडवलं. खेळाच्या कोपऱ्यात मुलगी बाहुलीला पुन्हा पुन्हा बाथरूमला नेत होती आणि स्वतःशीच बडबडत होती, ‘शू आली. बटन निघंना. निघंनाच की.’ आईला आठवलं, पावसाळ्यात एकदा ती बालवाडीतून ओली होऊन आली होती. घरी कुणी रागावलं नव्हतं, म्हणून मोठे ते विसरून गेले होते. अंगात तीच डंगरी होती.

चार वर्षांच्या मुलाला इलॅस्टिकची चड्डी खाली ओढता येते. खांद्यावरचं बक्कल, पाठीची चेन, गच्च काजातलं बटण हे घाईच्या वेळी जमत नाही, आणि मुलं घाईची वेळ येईपर्यंत खेळणं सोडत नाहीत. त्यामुळे शाळेत जाताना घालायचा कपडा विकत घेण्याआधी मुलाला स्वतः घालून, स्वतः काढून बघायला लावावं. दुकानात लाजायचं कारण नाही. डंगरीची हौस असेल तर ती रविवारी रंकाळ्यावर फिरायला जाताना, मोठं माणूस बरोबर असताना घालावी.

आई बाकीचे चारही कपडे कुणाला तरी देऊन टाकायला निघाली होती. ते थांबवलं. काम शिंप्याचं होतं. फ्रॉकच्या कमरेच्या शिवणीवर आतून दीड इंच रुंदीची सुती पट्टी, दोन्ही कडांना टीप. पोलक्याला बाहीसकट मलमलचं अस्तर. अस्तराचं कापड आधी रात्रभर पाण्यात घालून वाळवून घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, वरचं खण आहे तेवढंच राहतं आणि शिवणी चुणतात. मग पहिल्यापेक्षा जास्त टोचतं. लेगिंगचा नेफा उसवून नवं इलॅस्टिक घातलं, पोटाच्या मापाहून दोन इंच कमी. टिकल्यांचा टॉप मात्र सुती बनियनवर घालूनही नकोच झाला. तो सोडून दिला.

मापाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अंगाला न बसणारा कपडाही मुलं ‘टोचतंय’ म्हणूनच नाकारतात. दुसरा शब्द त्यांच्याकडे नसतो. लेबलावरचं वय बघून कपडा घेऊ नये, उंची मोजून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांत चार वर्षांच्या मुलीची मधली उंची सुमारे १०३ सेंटीमीटर आणि पाच वर्षांच्या मुलीची सुमारे १०९ आहे. म्हणजे वर्षभरात सहा-सात सेंटीमीटरची वाढ, आणि ती परकराला खाली दोन इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवली तर सहज निभावते. बगलेत पाऊण इंच माया पुरे. ‘पुढच्या वर्षीही बसेल’ म्हणून खांदा मोठा घेतला तर गळा घसरतो, मूल दिवसभर तो ओढत बसतं आणि आपण म्हणतो, चुळबुळ्या आहे. खांदा मापातच हवा. गळ्याला बांधायच्या नाड्या आणि लोंबते गोंडे या वयात नकोत, घसरगुंडीवर अडकून गळ्याला फास बसतो.

पहिल्या आठवड्यात तरीही रडारड झाली. दुरुस्त कपडे आले, पण आई रोज सकाळी पूर्ण कपाट उघडून विचारायची, ‘आज काय घालणार?’ चाळीस हँगर आणि हातात दहा मिनिटं. मोठ्या बाईलाही सुचत नाही. मग घरच्या वापराचे सात जोड खालच्या खणात ठेवले, पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत म्हणून आणखी दोन. बाकीचे वर, नजरेआड. रात्री जेवणानंतर दोनच जोड तिच्यासमोर धरायचे, ‘हा का तो?’ निवडलेला उशाशी. सकाळी मन बदललं तर दुसरा चालेल, तिसरा नाही.

समारंभाचा कपडा ऐन दिवशी पहिल्यांदा अंगावर चढवायचा नाही. नवं कापड खळ जाण्यासाठी आधी धुवायचं, धुता येत नसेल तर उलटं करून वाऱ्यावर टाकायचं. आदल्या आठवड्यात घरीच दहा-पंधरा मिनिटं घालून खेळू द्यायचं. लग्नात फोटो पहिल्या अर्ध्या तासात उरकायचे आणि पिशवीत विटका टी-शर्ट ठेवायचा. आजीला हे पटेना. ‘चार माणसांत तसल्या कपड्यात?’ पण परकर-पोलक्यात तासभर हसणारी नात बघून पुढं त्या काही बोलल्या नाहीत.

आईचं एक बोलणं उशिरा निघालं. लहानपणी तिला कायम थोरल्या बहिणीचे उतरलेले कपडे मिळाले होते. मुलीला पहिल्या दिवसापासून कोरंच घ्यायचं, हे तिनं लग्नाआधीच ठरवलं होतं. त्यात जावेची मुलगी फोनवर रोज नव्या ड्रेसमध्ये दिसायची. हौस करण्यात गैर काही नाही आणि ती आईनं मारून टाकू नये. फक्त पैसे आतल्या बाजूवर आधी खर्च करावेत. चांगलं अस्तर, चपटी शिवण, पातळ सुती कापड असेल तर वर खण, पैठणी, नेट, काहीही चालतं.

सगळीच मुलं शिवण दुरुस्त केली की शांत होतात असं नाही. कपड्यांबरोबर नखं कापणं, डोक्यावरून पाणी घेणं, गवतात अनवाणी चालणं, मिक्सरचा आवाज, भातातला एखादा वेगळा कण हे सगळंच सोसत नसेल आणि त्यापायी शाळा, झोप, जेवण बिघडत असेल, तर बालविकासतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना दाखवावं. इथं तसं काही नव्हतं.

खोलीसाठी वडिलांना एक काम दिलं. रात्री दहाला, दिवे मालवून, मुलीच्या पलंगावर तिच्याच उशीवर डोकं ठेवून अर्धा तास पडायचं. फोन बाहेर. परत आले ते हसतच. ‘भिंतीवरचा जिराफ माझ्याकडंच बघालता ओ!’ रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडद्याच्या फटीतून बरोबर त्या चित्राच्या डोळ्यांवर पडत होता. पलंगावरची जाळीदार छत्री पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती आणि तिची सावली छतावर फिरत होती. माळेचे दिवे दर तीन सेकंदांनी रंग बदलत होते. राजवाड्यासारखा पलंग जमिनीपासून साडेतीन फूट वर, उतरायला शिडी. अंधारात शिडी उतरून आईकडं यायचं, तर मूल झोपायलाच घाबरणार. आणि पश्चिमेच्या भिंतीच्या वॉलपेपरमागून कुबट वास येत होता.

हे सगळं एका दिवसात काढू नये. खोली एकदम ओकीबोकी झाली तर मुलाला ती शिक्षा वाटते. आधी उजेड बदलला. माळ काढून गुडघ्याच्या उंचीवर, पलंगापासून लांब, अर्ध्या वॅटचा पिवळसर दिवा लावला, न लुकलुकणारा. पडद्यांना जाड अस्तर लावलं आणि त्यांच्या दोऱ्या मुलीचा हात पोहोचणार नाही इतक्या वर बांधल्या. छत्री काढून तिच्याच कापडाचा बाहुलीसाठी तंबू केला. पलंगाची शिडी काढून खालच्या चौकटीवर गादी घेतली, जमिनीपासून फूटभर. खेळण्यांचं उंच कपाट मागून दोन पट्ट्यांनी भिंतीत स्क्रूनं आवळलं. मुलं खण ओढून त्यांच्यावर चढतात आणि कपाट अंगावर येतं. कपड्यांसाठी तीन फुटांवर चार खुंट्या लावल्या. समोर पाच खेळणी, बाकी पोत्यात, दर आठवड्याला अदलाबदल. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ मधला एक प्रयोग इथं उपयोगी पडतो. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांसमोर सोळा खेळणी ठेवली त्यापेक्षा चार ठेवली तेव्हा ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली.

भिंतीचं काम लांबलं. कोल्हापुरात पश्चिमेकडून झोडपणाऱ्या पावसाची भिंत आतून ओलावते. व्हिनाइलचा वॉलपेपर तो ओलावा कोंडून धरतो आणि मागं बुरशी धरते. वॉलपेपर काढून भिंतीवर दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवला. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले, म्हणजे पाणी भिंतीतून येत होतं. खोलीकडच्या बाजूला जमले असते तर हवा खेळती ठेवून भागलं असतं. आधी बाहेरच्या भेगा बुजवायच्या, भिंत कोरडी होऊ द्यायची, मग बुरशीनाशक प्रायमर आणि पाण्यात मिसळणारा कमी वासाचा इमल्शन. रंग दिल्यावर आठवडाभर खिडक्या उघड्या, मुलीला तिथं झोपवायचं नाही. घर जुनं असेल तर आणखी एक खबरदारी. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेली दारं-खिडक्या कोरड्या पॉलिशपेपरनं घासू नयेत. पाणी लावून घासावीत, आणि मूल तेव्हा मामाकडं असावं.

जिराफ राहिला, कारण दिवसा तो तिचा लाडका होता. डोळे मात्र मिटलेले रंगवून घेतले. पापण्या कुठल्या रंगाच्या, ते तिनं ठरवलं.

मग प्रश्न झोपेचा. चार वर्षांच्या मुलीनं वेगळ्या खोलीत झोपावं ही घाई कुणाला होती? खोदून विचारल्यावर कळलं, कुणालाच नव्हती. फ्लॅटच्या इंटिरिअरमध्ये ‘किड्स रूम’ होती, ती झाली, म्हणून ती वापरायची. आपल्याकडं या वयाची मुलं आजीच्या कुशीत झोपतात, त्यानं काही बिघडत नाही. या वयात दिवसाकाठी १० ते १३ तास झोप पुरी व्हावी एवढं बघायचं. म्हणून सुरुवात दुपारच्या झोपेपासून केली. आजीची वाकळ नव्या खोलीत गेली, आजीही गेल्या. पंधरवड्यानं रात्रीची झोप तिथं, आजी शेजारी खाली गादीवर. मधेच उठून आली तर न रागावता, न बोलत बसता परत नेऊन झोपवायचं.

अजूनही आठवड्यातून एक-दोन रात्री उशी काखेत येतेच. वडिलांना चिंता दुसरीच. राजवाड्याच्या पलंगाची शिडी माळ्यावर पडून आहे, ती परत कधी जोडायची? सहा वर्षं पुरी झाल्याशिवाय नाही, आणि जोडाल तेव्हा कठडा गादीच्या वर निदान पाच इंच यायला हवा. आताची जाडी गादी ठेवली तर तो तीनच इंच उरतो, तेव्हा आधी गादी बदला.