मुराकबा म्हणजे ध्यानच का?

प्रश्न असा: दारव्ह्याकडच्या एका गावात दर्ग्यापाशी डोळे मिटून बसणाऱ्या चाचांबद्दल लोक 'ते मुराकब्यात हायेत' म्हणतात. मराठी लेखात याला 'ध्यान' म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण कोणतं ध्यान? आपल्या खेड्यांत नुसतं 'ध्यान' म्हटलं की तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं सकाळचं सामुदायिक ध्यान डोळ्यांपुढे येतं. ('काय ध्यान आहे!' मधलं ध्यान सोडूनच द्या.) मुराकबा ही सूफी साधकांची बैठक. शब्द अरबी, र-क-ब या धातूतला, अर्थ नजर ठेवणं, राखण करणं. गझलेतला 'रकीब' त्याच घरचा. मुळात तो राखणदार, उर्दूत येऊन प्रेमातला प्रतिस्पर्धी झाला. तेव्हा मुराकब्याच्या जवळचं ध्यान पोथीतलं नाही, वऱ्हाडी माणसाच्या तोंडचं आहे: 'बकऱ्या हरभऱ्यात शिरतीन, ध्यान ठेवजो.'

राखायचं ते कल्ब, म्हणजे हृदय. हा शब्द 'उलटणं, पालटणं' या अर्थाच्या धातूतला, 'इन्किलाब'ही तिथलाच. कल्ब घडीघडी पालटतं, म्हणून त्याच्यावर पहारा, ही जोड सूफी मंडळींना फार आवडते.

प्रश्नात 'मौनसाधना' हा पर्यायही सुचवला आहे. तो मला पटत नाही. नक्शबंदी या सूफी परंपरेच्या पद्धतीत ओठ मिटलेले, जीभ टाळूला लावलेली आणि लक्ष डाव्या स्तनाखाली दोन बोटांवर असतं. तिथे अल्लाहचं नाव आवाजाविना चालू राहतं. तोंड गप्प, नाम चालू! नाम घेणं म्हणजे जिक्र. असा आवाजाविना केला तर त्याला जिक्र-ए-खफी म्हणतात, मोठ्याने केला तर जिक्र-ए-जली. बुखाऱ्याच्या बहाउद्दीन नक्शबंद (1318–1389) यांनी खफीवर भर दिला. औरंगाबादच्या पाणचक्कीत ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर याच परंपरेतले. चिश्ती या दुसऱ्या सूफी परंपरेच्या मंडळींकडे कव्वाली असली, तरी मुराकबा त्यांच्यातही आहे. म्हणून गावातले चाचा नक्शबंदीच असतील असं धरून चालू नका.

खफीचा 'खफा'शी संबंध नाही. रागावलेला 'खफा' फारसीतून आला. खफी म्हणजे लपलेला, 'खुफिया'चा भाऊबंद.

जिक्रला 'नामस्मरण' खुशाल लिहा. मुराकबा मात्र तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'हृदयावर ध्यान ठेवून बसणं' एवढं जोडा. शब्द पुल्लिंगी, रूप दर्ग्यासारखं: मुराकबा, मुराकब्यात. 'मुराकबा लावला' नको. लोक म्हणतात तसं 'मुराकब्यात बसले' किंवा 'मुराकबा केला'.