एक रोजडा गेला म्हणजे रस्ता मोकळा नाही

प्रश्न : मी राजेंद्रनगरात राहते आणि देपालपूरजवळच्या एका शाळेत शिकवते. 125 सीसीच्या मोटरसायकलवर रोज येणं-जाणं. थंडीत परतताना दिवेलागण होते. गेल्या आठवड्यात एक रोजडा (नीलगाय) अगदी पुढ्यातून उडी घेऊन गेला. मी हँडल वळवलं, गाडी मुरमात उतरली. पडले नाही, पण आता शेतं लागली की छातीत धस्स होतं. अशा वेळी गाडी वळवावी की ब्रेक दाबावा? वाऱ्यानं वाजणाऱ्या शिट्टीला जनावरं बिचकतात म्हणतात, ती लावू का?
– एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : ताई, मुरमात उतरलेली गाडी तुम्ही सावरलीत हे वाचून जीव भांड्यात पडला. मी नाही सावरू शकलो. देपालपूरकडून तुमच्याच वाटेवरच्या बेटमा गावाला येत होतो, तिन्हीसांजा, दोन्ही बाजूंना घाट्यांवर आलेला हरभरा. एक मादी रस्ता ओलांडून गेली. सुटलो म्हणून मी ॲक्सिलरेटर पिळला, तोच तिच्या मागून आलेलं दुसरं जनावर हेडलाइटवर आदळलं. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. फूटरेस्टमध्ये त्याचे भुरे केस अडकले होते, आणि ते लंगडत हरभऱ्यात शिरलं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून आधी हेच सांगतो. एक गेला की मागे आणखी असणार असं धरून चाला. गाडी माणसाच्या चालीवर आणा आणि तो जिकडून आला तिकडे बघा. आपली नजर हटकून जाणाऱ्याच्या मागे जाते. ती सवय मोडायलाच हवी.

वळवू नका, ब्रेक दाबा, आणि गाडी सरळ ठेवून दाबा. रोजडा ऐनवेळी उलटा फिरतो, तुम्ही वळाल तिकडेच येऊ शकतो. शिवाय कलत्या गाडीचं चाक ब्रेक लागताच निसटतं. तुमच्या गाडीला एबीएस (ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसेल, तर पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. रविवारी एखाद्या रिकाम्या मैदानात वीस-पंचवीसदा करून बघा, हाताला वळण लागेल.

तरी खरा बचाव वेगातच. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर धावते. जनावर दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर गेलेलंच असतं, पुढे कोरड्या डांबरावरही थांबायला आणखी चाळीसेक मीटर. तेवढ्या लांबचं लो बीममध्ये नीट दिसत नाही. ताशी 40 असेल तर सगळं मिळून वीसेक मीटरमध्ये आटोपतं. मोठा नर दोनशे किलोच्या वर भरतो, त्याचा काळपट रंग अंधारात मिसळून जातो आणि तो आडवा उभा असला तर डोळेही चमकत नाहीत. समोरून कुणी येत नसेल तेव्हा हाय बीम ठेवा.

शिट्टीवर पैसे घालू नका. परदेशात हरणांवर तपासून पाहिलं, उपयोग दिसला नाही. हॉर्न लांबूनच द्या, जवळून दिला तर जनावर बिथरतं. ते रस्त्यातच थबकलं असेल तर थांबा, लाइट लो करा, त्याला वाट दिसू द्या.

आणि डिसेंबर-जानेवारीत मुख्याध्यापकांशी बोलून अर्धा तास आधी निघता येतं का बघा. आपल्याकडे तेव्हा सहाच्या आसपास सूर्य मावळतो. उजेडात बेटमा गाठलात तर माझी अर्धी काळजी मिटेल.